पंपाअलीकडचा महिना

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका तरुणीने या त्रैमासिकासाठी लिहिलेला लेख आमच्याकडे अभिप्रायार्थ आणून दिला. ती विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करीत होती आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या वर्गात तिचे सराव पाठ चालू होते. लेखाचा बराचसा भाग टाचणवहीवरून उतरलेला, साधा आणि खरा होता. एक नऊ वर्षांचा मुलगा तीन महिन्यांत आपल्या डब्याचे झाकण स्वतः उघडावयास शिकला, एवढीच त्यातील घटना. शेवटच्या परिच्छेदात मात्र त्या अबोल मुलाने तिचा हात धरून 'बाई' अशी स्पष्ट हाक मारली होती. तो परिच्छेद आम्हांस परका वाटला. विचारले तेव्हा ती खाली पाहत म्हणाली, "फादर, तसं घडलं नाही. पण अशा लेखाचा शेवट तसाच व्हावा लागतो ना? शिक्षकदिनाच्या मिस्सेत तुम्हीच हेलन केलरची गोष्ट सांगता. माझ्या वर्गात तसं काहीच होत नाही. मला वाटतं, मीच कुठं तरी कमी पडते."

आम्ही निरुत्तर झालो. पाण्याच्या पंपाची ती कथा आम्ही किती प्रवचनांत सांगितली, याची गणती नाही. अंध-बधिर बालिकेच्या एका हातावर पाण्याची धार पडते, दुसऱ्या हातावर शिक्षिका अक्षरे लिहिते आणि क्षणात अंधार फिटतो. श्रोत्यांचे डोळे पाणावत आणि आम्हांस कृतार्थ वाटे. परंतु त्या शिक्षिकेने स्वतः काय लिहून ठेवले आहे, ते आम्ही सेमिनरीत असताना एकदा चाळले होते, तेवढेच. त्या तरुणीस उत्तर देण्यापूर्वी ती पत्रे नीट वाचणे आमचे कर्तव्य ठरले. प्रस्तुत लेख त्या वाचनाचे फलित होय.

हेलन केलर यांचे 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' हे आत्मचरित्र १९०३ साली प्रसिद्ध झाले. आत्मकथन हा त्या ग्रंथाचा पहिला भाग. तिसऱ्या भागात संपादक जॉन मेसी यांनी ॲन सुलिव्हन यांची १८८७ सालापासूनची पत्रे दिली आहेत. आपल्याकडे पहिल्या भागाचा परिचय पुष्कळांस असतो, तिसऱ्या भागापर्यंत फारसे कोणी जात नाही. पत्रे लिहिली आहेत बॉस्टन येथील पर्किन्स अंधशाळेतील मातृतुल्य गृहव्यवस्थापिका सोफिया हॉपकिन्स यांना. ती छापली जातील अशी लेखिकेची कल्पना नव्हती. या पत्रांचे निम्मे मोल त्या एका गोष्टीत आहे.

लेखिकेची पार्श्वभूमी ध्यानी घेतल्यावाचून पत्रांचा स्वर कळत नाही. ॲनचा जन्म १८६६ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात, आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिक कुटुंबात झाला. बालपणीच खुपरीच्या रोगाने तिची दृष्टी अधू झाली. आई वारली. १८७६ साली धाकट्या भावासह तिची रवानगी ट्यूक्सबरी येथील सरकारी अनाथ-दरिद्री आश्रमात झाली आणि तो भाऊ तेथेच मरण पावला. १८८० मध्ये ती पर्किन्स शाळेत दाखल झाली, तेव्हा चौदा वर्षांच्या या मुलीला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. १८८६ साली ती तेथून उत्तीर्ण झाली. अध्यापनाचे रीतसर शिक्षण तिला मिळाले नव्हते. त्याच शाळेत डॉ. हो यांनी लॉरा ब्रिजमन या अंध-बधिर मुलीला कसे शिकविले, त्याचे अहवाल वाचणे हीच तिची पूर्वतयारी. ३ मार्च १८८७ रोजी अलाबामातील टस्कंबिया गावी केलर कुटुंबात ती पोहोचली, तेव्हा तिचे वय वीस वर्षे होते. नोकरी पगाराची असली तरी आजच्या परिभाषेत ती छात्र-शिक्षिकाच होती. वर्गात एकच विद्यार्थिनी, पावणेसात वर्षांची, आणि मार्गदर्शक शेकडो मैल दूर.

आरंभीच्या पत्रांत पराभवाची नोंद अधिक आहे. घरातील प्रत्येकाच्या ताटात हात घालीत फिरणाऱ्या हेलनला ॲन अडविते, घरची माणसे उठून जातात, ती दार लावून घेते आणि चमच्यासाठी, मग रुमालाच्या घडीसाठी झटापट चालते. अखेरीस हेलन वठणीवर येते. शिक्षिका आपल्या खोलीत जाऊन पलंगावर अंग टाकते आणि रडते. ते रडणे तिने लपविलेले नाही, तसे रंगविलेलेही नाही. एका वाक्यात सांगून ती पुढच्या कामाकडे वळते. आपल्याकडील 'अनुभवपर' लेखनात अश्रू आले की लेखणी तेथेच रेंगाळते. ॲनची लेखणी चमचा आणि रुमाल यांची दखल अश्रूंपेक्षा अधिक घेते.

त्यानंतर ती हेलनला घेऊन बागेतील छोट्या घरात राहावयास जाते. आईवडील लाड करतात, तेथे शिस्त लागणार नाही, हे तिचे कारण. येथे आम्हांस मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाचे स्मरण झाले. बहिऱ्या-तोतऱ्या मनुष्याला प्रभू येशू गर्दीपासून बाजूला घेतो, त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी प्रभू आधी स्पर्शाच्या भाषेत बोलतो, 'एफ्फाथा' हा शब्द त्यानंतर येतो. स्नानसंस्काराच्या वेळी बालकाच्या कानांना व मुखाला स्पर्श करताना आम्ही या प्रसंगाचे स्मरण करतो. तरी त्या शब्दाआधीच्या कृतीचा क्रम आमच्या ध्यानी आला नव्हता. तो एका वीस वर्षांच्या शिक्षिकेच्या पत्रांनी आणून दिला.

त्या छोट्या घरातील एक प्रसंग फार अर्थपूर्ण आहे. घरची कुत्री भेटीस आली असता हेलन तिच्याजवळ बसते आणि तिच्या पंजाशी काही तरी खटपट करू लागते. पाहता पाहता उलगडा होतो की ती कुत्रीला 'डॉल' हा शब्द बोटांनी शिकवीत आहे! ॲन हे गमतीने सांगते. आम्हांस मात्र त्यात त्या दिवसांतील तिच्याच पाठांचे प्रतिबिंब दिसते. हेलन तोवर अक्षरे हुबेहूब गिरवीत होती, त्यांना अर्थ असतो हे तिला ठाऊक नव्हते. शिकविण्याची बाह्य क्रिया तिने उचलली होती. सराव पाठ देणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याने, आणि प्रवचन देणाऱ्या धर्मगुरूनेही, हा प्रसंग मनाशी जपून ठेवावा.

आता ५ एप्रिलचे पत्र. येथे आमचा मोठा भ्रमनिरास झाला आणि तो हितकर ठरला. पंपापाशी जाण्यामागे कोणतीही दिव्य प्रेरणा नव्हती. हेलन 'मग' आणि 'मिल्क' या दोन शब्दांत घोटाळा करी. पेला, दूध आणि पिण्याची क्रिया तिच्या मनात एकमेकांत मिसळली होती. त्या सकाळी तोंड धुताना तिने पाण्याचे नाव विचारले. ॲनने ते हातावर लिहिले आणि विषय सोडून दिला. न्याहारीनंतर तिला सुचले की या नव्या शब्दाच्या साहाय्याने जुना घोटाळा कदाचित सुटेल. म्हणून हेलनच्या हाती पेला देऊन ती तिला पंपाकडे घेऊन गेली. एक अडलेला पाठ सोडविण्याची ती युक्ती होती. पेला भरून वाहू लागला, हातावर शब्द उमटला, मुलीच्या हातून पेला गळून पडला आणि ती स्तब्ध उभी राहिली. पुढल्या काही तासांत तिने सुमारे तीस नवे शब्द आत्मसात केले. शिक्षिकेचे नावही तिने तेव्हाच विचारले, आणि ॲनने तिच्या हातावर लिहिले, 'टीचर'.

कृपा नाकारण्याचा आमचा हेतू नाही. कृपा कोणत्या वाटेने आली, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे. ती चुकलेल्या पाठाच्या दुरुस्तीतून आली. आम्ही प्रवचनांत पंप ठेवला आणि 'मग-मिल्क'चा घोटाळा गाळला. पंपाअलीकडचा तो एक महिना आमच्या कथेत कधी आलाच नाही.

त्यानंतरची पत्रे तर अधिक मोलाची आहेत. पाठ यशस्वी झाल्यावर त्याच पद्धतीचे शास्त्र बनविण्याचा मोह कोणासही व्हावा. ॲन उलट करते. हेलनच्या घरातील सुमारे पंधरा महिन्यांच्या एका चुलत बहिणीचे ती निरीक्षण करते. त्या बालिकेला कोणी शब्दांचे पाठ देत नाही, तरी तिला पुष्कळ कळते. मग ॲन ठरविते की लहान मुलाच्या कानाशी आपण जसे बोलतो, तसे हेलनच्या हातावर पूर्ण वाक्यांत बोलावयाचे आणि ठरावीक वेळेचे पाठ बंद करावयाचे. महिन्यापूर्वी आज्ञाधारकपणा हेच ज्ञानाचे द्वार मानणारी हीच शिक्षिका आता काटेकोर शिक्षणपद्धतींविषयी शंका घेते. पत्रांचा खरा नाट्यविषय हा आहे. विद्यार्थिनी शिकते त्याहून अधिक शिक्षिका शिकते, आणि आपण बदललो हे लिहावयास ती संकोचत नाही.

या लेखनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मुलाला बळाने धरून तासन्‌तास झगडण्याची रीत आजचे विशेष शिक्षण मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे. केलर कुटुंबाच्या घरी राबणारी कृष्णवर्णीय माणसे पत्रांच्या कडेकडेनेच वावरतात. आणखी एक मर्यादा आमच्या विषयाशी थेट निगडित आहे. हेलनची बुद्धी अत्यंत तल्लख होती. दार उघडताच ती धावत सुटली, १९०४ साली रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवीधर झाली. २०१६ च्या आपल्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. डब्याचे झाकण उघडणाऱ्या त्या मुलाला हेलनच्या मापाने मोजणे हा त्या मुलावर अन्याय आहे आणि त्याच्या शिक्षिकेवरही.

पण हे मापच पुढील कलाकृतींनी लोकांच्या हाती दिले. विल्यम गिब्सन यांचे 'द मिरॅकल वर्कर' हे नाटक १९५९ साली ब्रॉडवेवर आले, १९६२ साली चित्रपट झाला, दोन्ही अभिनेत्रींना ऑस्कर मिळाले. न्याहारीच्या झटापटीला त्यात मोठे स्थान आहे, हे नाटककाराचे श्रेय. परंतु नाटक पंपाच्या प्रसंगाशी येऊन संपते. त्यामुळे ॲनने आपली पद्धत बदलली तो सारा भाग प्रेक्षकांस दिसतच नाही. संजय लीला भन्साळी यांचा 'ब्लॅक' (२००५) आणखी पुढे गेला. सिमल्यातील अँग्लो-इंडियन ख्रिस्ती घर, बर्फ, मेणबत्त्या आणि पंपाच्या जागी कारंजे. वीस वर्षांच्या अननुभवी तरुणीच्या जागी अमिताभ बच्चन यांचा वयस्क, भारदस्त शिक्षक आला. अभिनय प्रभावी आहे, चित्रे नेत्रसुखद आहेत. पण शिक्षक पहिल्या दृश्यापासूनच जाणता ठरला की शिकण्याचा सारा भार मुलीवर पडतो. छात्र-शिक्षिका त्या कथेतून हद्दपार होते.

या मोहाची ॲनलाही जाणीव होती. वर्षभरातच वृत्तपत्रे हेलनविषयी अद्‌भुत बातम्या छापू लागली आणि ती पत्रांतून त्यांवर चिडली. घडले तेवढे लोकांना पुरत नाही, ही तिची तक्रार होती. बहिऱ्याला बरे केल्यावर प्रभूनेही वाच्यता न करण्याविषयी लोकांना बजाविले होते, आणि लोकांनी ते ऐकले नाही, हेही मार्कने नोंदविले आहे.

आपल्या समाजाच्या नियतकालिकांत साक्षपर लेखनाची मोठी परंपरा आहे आणि तिच्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु साक्ष या शब्दातच सत्य गृहीत असते. मुलाच्या तोंडी न आलेली हाक घालणे हे वाङ्मयीन दृष्ट्या दुबळे आहे, आणि नैतिक दृष्ट्या त्या मुलाचा अधिक्षेप आहे. तो जे करू शकला ते पुरेसे नाही, असे आपण त्यातून म्हणत असतो. हा धडा त्या तरुणीने आमच्याकडूनच घेतला होता. सबब प्रायश्चित्तही आमच्याच वाट्याचे.

तिला आम्ही पत्रे वाचावयास दिली आणि शेवटचा परिच्छेद काढण्यास सांगितले. झाकण उघडण्याचा भाग मात्र वाढवावयास सुचविले. पहिल्या महिन्यात त्याची बोटे कोठे अडत, तिची कोणती युक्ती फसली, डबा बदलून पाहिला का, हे सारे तिच्या टाचणवहीत होते आणि लेखात नव्हते. पंधरा दिवसांनी ती सुधारलेला लेख घेऊन आली. त्यात आता मुलगा झाकण उघडतो, आतली पोळी बाहेर काढतो आणि शिक्षिकेकडे न पाहता खाऊ लागतो. लेख तेथे संपतो. येत्या अंकात तो छापावा, अशी शिफारस आम्ही संपादकांकडे केली आहे.