बुशिदो आणि बुद्धाचा धम्म : शीलावाचून चित्तस्थैर्य

जपानी सामुराईंच्या आचारसंहितेस ‘बुशिदो’ म्हणजे योद्ध्याचा मार्ग असे म्हणतात. इनाझो नितोबे यांच्या 1900 सालच्या ‘बुशिदो’ या इंग्रजी ग्रंथामुळे ती जगभर परिचित झाली. या संहितेच्या उगमांत नितोबे बौद्ध धर्माचा उल्लेख प्रथम करतात. दैवावरील शांत विश्वास, अटळाचा स्वीकार आणि मृत्यूशी सख्य हे बौद्ध धर्माचे देणे होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. राणीसावरगावात बसून हा ग्रंथ वाचताना आमच्यापुढे प्रश्न उभा राहतो तो असा : हे देणे बुद्धाचे आहे काय?

आमच्या मते नाही. मक्खली गोसालाच्या नियतिवादाचे खंडन तथागतांनी स्पष्ट शब्दांत केले. कर्म आणि प्रयत्न यांना अर्थ नसेल तर धम्मालाही अर्थ उरत नाही. दैवाधीनता हा सामुराईचा गुण असेल. तो धम्माचा खास नव्हे.

झेन परंपरेचा प्रभाव मात्र नाकारता येत नाही. ताकुआन सोहो (1573–1645) या झेन भिक्षूने तलवारबाज याग्यू मुनेनोरी यास उद्देशून लिहिताना, चित्त कोठेही अडकू न देण्याचा उपदेश केला. परंतु अष्टांग मार्गात सम्यक् समाधीबरोबर सम्यक् कर्मान्त आणि सम्यक् आजीविकाही आहेत. शस्त्रांचा व्यापार उपासकास वर्ज्य सांगितला आहे. शीलापासून तोडलेले चित्तस्थैर्य मारणाऱ्याचा हात स्थिर करते. त्याचे मन शुद्ध करीत नाही.

शिवाय ही संहिता जन्माशी बांधलेली होती. हिदेयोशीने 1588 साली शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली आणि पुढे तोकुगावा राजवटीत समाजाची उतरंड पक्की झाली. तिच्या तळाशी ‘एता’ आणि ‘हिनिन’ ठरविलेली माणसे होती. 1871 च्या फर्मानाने हे भेद कायद्याने रद्द झाले, तरी तिरस्कार उरला आणि 1922 साली पीडितांना ‘सुइहेइशा’ ही समतेची संघटना उभारावी लागली. त्यांच्या मृतांना हीनत्वदर्शक धर्मनावे देणारी मंदिरे बौद्धच होती, हे कटू सत्य आम्ही विसरू नये.

शौर्याचे आम्हांस वावडे नाही. 1 जानेवारी 1818 चा कोरेगावचा रणसंग्राम आमच्या स्मृतीत आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या 1957 साली प्रकाशित ग्रंथात बाबासाहेबांनी वैशालीच्या सेनापतीचा प्रश्न मांडला आहे. न्यायासाठी, शांततेचे सर्व उपाय थकल्यावर लढणारा हिंसेचा दोषी ठरत नाही. दोष युद्ध आरंभणाऱ्याचा, असे त्यातील उत्तर आहे. अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत विवेक करावयाचा असतो.

येथेच दोन मार्ग वेगळे होतात. बुशिदो योद्ध्यास विचारते, तू कोणाचा सेवक आहेस? धम्म विचारतो, तू कशासाठी लढत आहेस? या दुसऱ्या प्रश्नावाचून कोणत्याही शौर्यास बौद्ध म्हणता येणार नाही. मग ते जपानचे असो वा आमचे.