हिलचे रंगीत छायाफलक : मूळ पाठ कीं प्रक्षेप ?

अमेरिकेंतील आद्य रंगीत छायाचित्रांच्या संग्राहकांत लीव्हाय हिल याचें नांव निघालें कीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष त्यास लबाड ठरवितो, दुसरा रंगीत छायाचित्रणाचा उपेक्षित जनक मानतो. दोन्ही पक्षांनीं फलकांपेक्षां गृहस्थाच्या चारित्र्याकडेच अधिक लक्ष दिलें आहे, ही आमची तक्रार.

हिल हा न्यूयॉर्क राज्यांतील वेस्टकिल येथील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. डागेरोटाइपच्या चांदी चढविलेल्या ताम्रपटावर निसर्गाचे रंग आपोआप उमटतात, असें त्यानें १८५१ च्या सुमारास जाहीर केलें. गिऱ्हाइकें रंगीत तसबिरींची वाट पाहत थांबलीं व छायाचित्रकारांचा धंदा बसला. मग त्यांनीं चिडावें यांत नवल काय? १८५६ मध्यें त्यानें पुस्तक काढलें, पण त्यांत स्वसमर्थनच फार, आणि कृति अशी किचकट कीं तीवरून काम साधणें दुष्कर. १८६५ त तो वारला. संशय मात्र उरला.

त्याचे ६२ फलक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंत आहेत. २००७ मध्यें गेटी संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं त्यांची तपासणी केली, तेव्हां कांहीं रंग प्रक्रियेनेंच उतरले असून कांहीं रंग मागाहून हातानें भरलेले आहेत, असें निष्पन्न झालें. यावरून ‘अर्धा ठक’ असा शेरा मारणें सोपें आहे. पण त्यानें फलकांचा निर्णय होत नाहीं. पोथींत चार श्लोक प्रक्षिप्त निघाले म्हणून आपण पोथी टाकीत नाहीं, आणि उरलेले श्लोक अस्सल म्हणून ते चारही पदरांत घेत नाहीं. प्रत्येक पाठ स्वतंत्रपणें तोलावा लागतो. डागेरोटाइपवर कुंचल्यानें गालांस लाली देण्याची चाल त्या काळीं सर्रास होती; तेव्हां कुंचला हा दोष नव्हे, तो लपविणें हा दोष.

मात्र हिलच्या कैवाऱ्यांनींही एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. यांतील बरेच फलक रंगविलेल्या छापील चित्रांच्या नकला आहेत. मूळ चित्र समोर असतां भरणारा हात योग्य तोच रंग भरणार. म्हणून हातानें भरलेल्या जागीं रंग मुळाशीं जुळतो, हें प्रमाण कवडीमोल आहे. जेथें वरून लावलेलें रंगद्रव्य सांपडत नाहीं, त्या जागाच काय त्या साक्ष देऊं शकतात.

हाच विवेक इतर वस्तूंच्या खरेदींतही हवा. डेट्रॉईटच्या कंपनीनें विल्यम हेन्री जॅक्सन याच्या कृष्णधवल काचांवरून छापलेलीं ‘फोटोक्रोम’ चित्रें विक्रेते खुशाल रंगीत छायाचित्रें म्हणून विकतात. वस्तुतः तें शिळाछापाचें काम. रंग कोणता द्यावयाचा तें छापखाना ठरवी. स्टायकेन यानें १९०७ पासून घेतलेले ऑटोक्रोम मात्र खरे रंगीत. बटाट्याच्या पिठाचे रंगविलेले कण काचेवर पसरून केलेला तो फलक एकुलता एक असतो, आणि दिव्यासमोर फार वेळ धरल्यास विटतो.

फ्रेडरिक आईव्ह्ज याचा प्रकार आणखी निराळा. त्यानें १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रॅन्सिस्कोचीं चित्रें घेतलीं. त्याच्या काचांवर रंगच नसतो. रंगीत गाळण्यांतून घेतलेल्या त्या कृष्णधवल काचा त्याच्या ‘क्रोमस्कोप’ यंत्रांत बसविल्या म्हणजे तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत जुळतो. यंत्रावांचून नुसत्या काचा घेणाऱ्यानें ती किंमत देण्यापूर्वीं हें विचारांत घ्यावें.