खातेदार, वारस आणि पूर्वज : जमिनीच्या जुन्या कागदांतून घराण्याचा इतिहास वाचताना

2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला. तेव्हापासून तहसीलच्या अभिलेख कक्षाची वाट कधी न चढलेली माणसंही तिथे जाऊन आली आहेत. कोणाला जातीचा दाखला हवा आहे, कोणाला वाटणीच्या दाव्यासाठी पणजोबांचं नाव हवं आहे, कोणाला नुसतीच वंशावळ पुरी करायची आहे. हाती लागतो तो कागद बहुतेक वेळा इंग्रजी अमदानीतला जमिनीचा असतो. आज आपल्याला त्या कागदांवर नव्हे, ते ज्या तऱ्हेने वाचले जातात त्या वाचनावर टीका करायची आहे. छापील कुलवृत्तांतांतही तेच वाचन आहे आणि मोबाईलवर फिरणाऱ्या वंशावळींतही.

पहिली गोष्ट आधी सांगून टाकू. हे कागद आपल्या घराण्यासाठी लिहिलेले नाहीत. 'या जमिनीचा सारा कोण भरणार?' एवढाच सरकारचा प्रश्न होता. आपण त्यांना विचारतो, 'आमच्या घरात कोण कोण होतं?' या दोन प्रश्नांची उत्तरं कधीकधी जुळतात, आणि तीच पंचाईत आहे. कधीच जुळली नसती तर कोणी फसलं नसतं.

आता कागद कसा तयार झाला ते जरा बघू. पेशवाई गेल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात पाहणी केली, पण ती फसली. मग 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने मोजणी सुरू केली. 33 फुटांची साखळी, 33 बाय 33 फुटांचा गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर, मातीची आणेवारी आणि 30 वर्षांसाठी ठरलेला आकार अशी ती पद्धत होती. पुढे 1847 च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. आज आपण सर्व्हे नंबर म्हणतो तो तिथून आला. त्या मोजणीची टिपणं, शेतवार पत्रकं, आकारबंद आजही भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. टिपणावरचा नकाशा पाहून माणसं हरखून जातात, आणि हरखावं असाच तो असतो.

पण त्या पद्धतीत एक सोय होती. सरकारला वसुलीसाठी एक नाव पुरत असे. चार भाऊ एकत्र राबत असले तरी खातं मुख्यतः एकाच्या नावाने चाले. तो मेला की सहसा थोरल्याचं नाव लागे. धाकटे कागदावर येतच नसत. आता एखादा कुलवृत्तांत उघडा. त्यात 1860 च्या सुमाराला 'मूळ पुरुषाला एकच पुत्र' असं छापलेलं दिसेल. त्याला एकच मुलगा होता की एकच खातेदार होता? आम्ही पाहिलेल्या बऱ्याच कुलवृत्तांतांत हा प्रश्न विचारलेलाच नसतो. त्याचे परिणाम किरकोळ नाहीत. शेजारच्या गावातली त्याच आडनावाची भावकी मग 'आपल्यातली नाही' असं ठरतं, ते केवळ धाकट्या भावाचं नाव कुलकर्ण्याच्या वहीत चढलं नाही म्हणून.

ही उणीव सरकारलाही कळत होती. जमिनी गहाण पडत, विकल्या जात, वाटल्या जात. खातं मात्र मेलेल्या माणसाच्या नावावर चालू राही. म्हणून 1903 मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा वेगळा कायदा झाला आणि 1913 मध्ये तो जमीन महसूल कायद्यात घेतला गेला. आपली फेरफार नोंद, म्हणजे गाव नमुना सहा, या व्यवस्थेतली आहे. सातबारातला सात हाही इथलाच, आणि बारा म्हणजे पिकांची नोंद. घराण्याच्या इतिहासासाठी आमच्या मते सगळ्यात मोलाचा कागद फेरफार आहे. सातबारा नुसती स्थिती दाखवतो. ती स्थिती कशी आली हे फेरफारात असतं : कोण मयत झालं, वारस कोण, वर्दी कोणी दिली, हरकत कोणी घेतली. तरीही लोक सातबारा फ्रेम करून लावतात आणि फेरफाराची नक्कल मागायचा कंटाळा करतात.

सातबाऱ्यातली ती आखूड अक्षरंही वाचायला शिकलं पाहिजे. नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर; म्हणजे नाव त्याचं, जमीन सगळ्यांची. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता. तिथे पोरक्या मुलाचं नाव आणि त्याच्या आईचं किंवा चुलत्याचं नाव एकाच ओळीत येतं. नकलून घेताना ही अक्षरं गाळली की चुलता बाप होतो आणि आई नाहीशी होते. छापील वंशावळींत अशा चुका आहेत. त्या दुरुस्त करणं अवघड असतं, कारण एकदा छापलं की पुढचा त्यावरूनच उतरवतो.

नावांचं पाहू. जुन्या कागदांत आडनाव नसतं, असलं तरी स्थिर नसतं. 'राणोजी बिन हिरोजी' असं येतं. कुठे 'बिन'च्या जागी 'वलद'. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे राणोजी बिन हिरोजी, मग हिरोजी बिन राणोजी, मग पुन्हा राणोजी बिन हिरोजी, असं चक्र चालतं. आता समजा, एका कागदावर फसली 1250 आहे आणि दुसऱ्यावर फसली 1310. दोन्हींवर राणोजी बिन हिरोजी. फसलीत 590 मिळवले, आणि साल जूनमध्ये सुरू होतं हे लक्षात घेतलं, तर पहिला कागद 1840-41 चा आणि दुसरा 1900-01 चा. साठ वर्षं. हा एकच माणूस असण्यापेक्षा आजोबा आणि नातू असण्याचा संभव जास्त. पण घाईत दोघांचा एक होतो आणि मधल्या दोन पिढ्या गळतात. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन असेल तर 599 मिळवावे लागतात. हा फरक न कळल्याने घराणं नऊ वर्षांनी म्हातारं किंवा तरुण झालेलं दिसतं! त्यात लिपी मोडी. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात. वाचणारा जाणकार असला तरी तो काय शोधायला बसला आहे, यावर वाचन झुकतं. म्हणून एकच नोंद दोघांकडून वेगवेगळी वाचून घ्यावी. खर्च होतो, पण करावाच.

आता इनामाच्या कागदांकडे येऊ. कुलवृत्तांतकारांचा सगळा भर तिथे असतो आणि आमचा मुख्य आक्षेपही तिथेच आहे.

इनामं खरी की खोटी हे तपासायला 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. पुण्यातलं पेशवे दफ्तर जपलं गेलं त्याचं एक मोठं कारण हेच, की सरकारला दावे तपासायला ते लागत होतं. इतिहास म्हणून त्याचा मोठा उपयोग नंतरचा. सरदेसायांच्या संपादनाखालचे 45 खंड 1930 नंतर निघाले. तर कमिशनपुढे घराण्यांनी कैफियती दिल्या, सनदा दाखवल्या आणि वंशावळी मांडल्या. सुरेख, ठळक, सात-आठ पिढ्यांच्या वंशावळी. कुलवृत्तांतात त्या जशाच्या तशा येतात आणि खाली 'सरकारी दप्तरातून' असं अभिमानाने लिहिलेलं असतं.

पण त्या वंशावळी कशासाठी काढल्या गेल्या? इनाम पुढे चालवायचं तर पुरुष वारसाकडून पुरुष वारसाकडे आलेली ओळ दाखवावी लागे, अशी कायद्याची अट होती. मग मुलींचा वंश दाखवायचा कशाला? त्याने दावा बळकट होत नव्हता. दत्तकाचा प्रश्न नाजूक होता, तो शक्य तितका झाकला जाई. निपुत्रिक चुलता वगळला तरी बिघडत नसे. म्हणजे ती वंशावळ कायद्याच्या साच्यात कापून बसवलेली आहे. खोटी असेलच असं नाही, पण ती वकिली कागदपत्रासारखी वाचली पाहिजे. आपण मात्र तिला घराण्याचं छायाचित्र समजतो. 'आमच्या घराण्यात सात पिढ्या फक्त मुलगेच' असं कौतुकाने सांगणारे भेटतात. अहो, सात पिढ्या फक्त मुलगेच नोंदले गेले!

मग बायका सापडतच नाहीत का? सापडतात, पण शोधायच्या जागा वेगळ्या. विधवा 'भागीरथी कोम सखाराम' अशी येते. कुठे 'भ्रतार', कुठे 'मर्द'. वारसांच्या फेरफारात ती मुलगे अज्ञान असताना दिसते. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात अन्नवस्त्राचा बोजा असला तर तिचं नाव असतं. हा रकाना बहुतेक जण वाचत नाहीत, कारण बँकेचं कर्ज तेवढं तिथे असतं अशी समजूत आहे. 1956 च्या वारसा कायद्यानंतरचे फेरफार काढले तर त्यांत बहिणी भेटतात, सासरच्या नावासह, कधी सासरच्या गावासह. बऱ्याचदा त्या भेटतात त्या हक्कसोड पत्राच्या नोंदीत. म्हणजे ज्या कागदाने तिचं नाव जमिनीवरून गेलं, त्याच कागदात ती कोण होती हे लिहिलेलं आहे. कुलवृत्तांतात 'कन्या : माहिती उपलब्ध नाही' असं छापणाऱ्यांनी आपल्याच गावचे फेरफार पाहिले असते तर माहिती उपलब्ध होती.

खातेदाराचं नाव दिसलं म्हणजे जमीन त्याच्या हाती होती असंही समजू नये. 1875 मध्ये सुप्यापासून दंगे उसळले तेव्हा लोकांनी सावकारांची खतं जाळली. त्या काळात सावकार पुष्कळदा खातं कुणब्याच्याच नावावर राहू देत, सारा त्याच्या नावाने भरला जाई आणि पीक मात्र सावकाराच्या घरी जाई. म्हणून 'आमची पूर्वी शंभर एकर होती' हे वाक्य शेतवार पत्रकावरून सिद्ध होत नाही. सोबत नोंदणी कचेरीतलं गहाणखत किंवा दिवाणी निवाडा लागतो.

जातीच्या रकान्याबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट बोलू. 'कुणबी' हा शब्द काही कागदांत जात म्हणून येतो आणि काही ठिकाणी शेती करणारा या अर्थाने. कुठला अर्थ आहे हे त्या वहीतल्या इतर नोंदी कशा लिहिल्या आहेत त्यावरून ठरवायचं. एकट्या ओळीवरून नाही. आणि नोंद सापडणं हा अर्धाच भाग आहे. त्या नोंदीतला माणूस आपला पूर्वज आहे, ही साखळी एकेका पिढीने जोडावी लागते. तिथे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, जमिनीच्या कागदांपेक्षा जास्त कामाच्या ठरतात. मराठवाड्याचं दप्तर तर निजामाच्या राज्यातलं. तिथली भाषा आणि नमुने वेगळे. पुणे-सातारच्या सवयीने ते वाचायला गेलं की घोटाळा होतो.

आणि ज्यांच्याकडे जमीनच नव्हती? या सगळ्या प्रकारातला हा सर्वांत मोठा पक्षपात. महार वतनाच्या जमिनी दप्तरात आहेत, 1874 च्या वतन कायद्याखाली त्यांच्या नोंदीही झाल्या. पण वतन अनेक घरांचं सामाईक, आणि त्याबदली गावकीची राबणूक. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच जाचाविरुद्ध. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतनं गेली आणि जमिनी नव्या शर्तीने परत दिल्या गेल्या. त्या पुनर्प्रदानाच्या फेरफारांत पुष्कळ घरांची नावं पहिल्यांदाच एकेकटी, स्पष्ट अशी आलेली दिसतात. दलित घराण्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तिथून मागे जावं. 1850 च्या पत्रकापासून पुढे येऊ पाहिलं तर हाताला फारसं लागत नाही. कोकणात खोतीच्या गावांतही असंच. तिथे कूळ शोधायचं तर खोताच्या नावाच्या पलीकडे जाऊन बोटखत पाहावं लागतं.

गंमत अशी, की रत्नागिरीकडून मॉरिशसला मजुरीवर गेलेल्या भूमिहीन माणसाची माहिती तिकडच्या मजूर-नोंदींत बापाच्या नावासकट, गावासकट मिळू शकते, आणि त्याच्या मूळ गावच्या जमिनीच्या दप्तरात तो माणूस शून्य असतो. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदी जपलेल्या आहेत. इकडून कोणी त्या आपल्या गावाशी जोडून बघितल्या तर खोताच्या कैफियतीपेक्षा जास्त काही हाती येईल असं आम्हाला वाटतं.

पुढच्या व्याख्यानात आपण मोडीतली एक वारस नोंद पडद्यावर घेऊन अक्षर अक्षर वाचणार आहोत. तुमच्या घरच्या नोंदी पाठवायच्या असतील तर पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. अधिकाऱ्याचे शेरे आणि हरकती पुष्कळदा मागच्या बाजूला असतात.