नकाशातले रंग आणि मुलांचे प्रश्न

मुलांसाठी लिहिलेली भूगोलाची पुस्तके आपण सगळ्यांनीच कधी ना कधी चाळली आहेत. भारताचा नकाशा आणि त्यावर सहा रंग: हिमालय, उत्तरेचे मैदान, वाळवंट, द्वीपकल्पीय पठार, किनारपट्टी, बेटे. खाली प्रत्येकाला एकेक परिच्छेद, आणि शेवटी ‘जोड्या लावा’. ही मांडणी चुकीची आहे असं आम्ही म्हणत नाही. सुरुवातीला मुलाला काहीतरी धरायला लागतंच. आमची तक्रार वेगळी आहे. ही पुस्तके प्रदेशाचं नाव सांगतात, पण तो प्रदेश कुठे संपतो आणि तिथेच का संपतो, हे सांगत नाहीत.

दख्खनच्या पठाराचंच बघा. परिच्छेद ठरलेला असतो: लाव्हारसाचे थर, काळी जमीन, कापूस, ज्वारी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, हे खरंच आहे. पण गडचिरोलीतल्या मुलाने हा परिच्छेद वाचला तर? त्याच्या पायाखालचा बहुतेक खडक त्या लाव्ह्याहून कितीतरी जुना. घराभोवती भाताची बांधी आणि मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. नकाशात त्याचं गाव पठाराच्याच रंगात, पण परिच्छेदात ते नाही. हा मुलगा पुस्तकावर शंका घेत नाही हो, स्वतःच्या डोळ्यांवर घेतो. मग तो पाठ करतो, आणि भूगोल म्हणजे दुसरीकडची माहिती असं त्याच्या मनात बसतं. हे नुकसान परीक्षेच्या गुणांत दिसत नाही, म्हणून आम्हाला ते मोठं वाटतं.

दुसरा घोळ विभागांचा. प्राकृतिक विभाग, सांस्कृतिक प्रदेश आणि प्रशासकीय विभाग या तीन वेगळ्या गोष्टी. आपल्या राज्यात सहा महसुली विभाग आहेत. विदर्भ त्यात नागपूर आणि अमरावती असा दोन ठिकाणी वाटलेला. खानदेश नावाचा विभागच नाही, तो नाशिक विभागात. आणि कोकण विभाग सिंधुदुर्गाला संपतो, पण किनारा काही तिथे थांबत नाही, तो पुढे गोव्यात जातो. पुस्तकात हे तिन्ही नकाशे एकाच प्रकारच्या रंगांत छापतात. मग मुलाला वाटतं, सह्याद्री आणि आयुक्तांचं कार्यालय दोन्ही निसर्गानेच नेमून दिलेत!

मग करायचं काय? उत्तर आपल्याकडे होतंच. बालभारतीने तिसरीसाठी जिल्ह्यानुसार परिसर अभ्यासाची पुस्तके काढली. आपल्या जिल्ह्यापासून सुरू करून मग राज्य, मग देश, ही पायरी आम्हाला फार शहाणपणाची वाटते. अडचण अशी, की देशाच्या धड्यापर्यंत पोचता पोचता पुस्तक जिल्हा विसरून जातं.

सातारा जिल्ह्यातलं एक उदाहरण देऊन थांबतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. तिथून पाचगणीमार्गे पसरणीचा घाट उतरून वाईला या, रस्ता जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर. वाईचा पाऊस हजार मिलिमीटरच्याही आत. एसटीच्या एका फेरीत मुलाला झाडं, पिकं, घरांची छपरं बदलताना दिसतात. कुठे बदललं, का बदललं, हे त्याला विचारा. ढग डोंगर चढताना पाणी टाकतात आणि पलीकडे कोरडे पोचतात, हे त्याला एकदा कळलं की पर्जन्यछाया हा शब्द पाठ करावा लागत नाही. आणि लडाख हिमालयाच्या पलीकडे असून कोरडं का, याचा अंदाज तो आपला आपण बांधू शकतो.

पुस्तक लिहिणाऱ्यांकडे आमचं मागणं एवढंच आहे: रंग जरूर भरा, पण दोन रंग जिथे भेटतात तिथे एक प्रश्न छापा. आणि गडचिरोलीच्या मुलाला त्याचं गाव त्या परिच्छेदात सापडू द्या.