धनुर्धराची जात : एका संगणक-खेळाच्या निमित्ताने

संगणकावरचा खेळ हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असे या अंकाचे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या कथांतून माणूस जन्माविषयी, पराक्रमाविषयी आणि अधिकाराविषयी आपल्या कल्पना घडवतो, त्या कथा तपासणे हे समीक्षेचे काम असेल, तर आजच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत कादंबरी आणि चित्रपटापाशी थांबून भागणार नाही. वसतिगृहाच्या खोलीत चार मुले एका जुन्या लॅपटॉपसमोर रात्र रात्र बसतात. ती तिथे एक कथाच जगत असतात. त्या कथेत नायक कोण होऊ शकतो आणि कशाच्या बळावर होतो, हे पाहणे आपल्याला भाग आहे.

माझ्या एका विद्यार्थ्यामुळे मी या विषयाकडे वळलो. तो ‘स्कायरिम’ खेळत होता. अमेरिकेतील बेथेस्डा कंपनीच्या ‘द एल्डर स्क्रोल्स’ या मालिकेतील हा पाचवा खेळ नोव्हेंबर २०११ मध्ये आला. राजे, जादू, ड्रॅगन यांचे हे काल्पनिक जग. खेळणाऱ्याने आपले पात्र स्वतः घडवायचे असते. माझ्या विद्यार्थ्याला धनुर्धर घडवायचा होता. पडद्यावर दहा वंशांची यादी आली आणि त्याने वुड एल्फ, म्हणजे अरण्यवासी एल्फ, निवडला. हाच का, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘सर, याला तिरंदाजी जन्मतःच जास्त येते. दुसरा घेतला तर पॉइंट वाया जातात.’ हे वाक्य तो सहज बोलून गेला. मी मात्र अस्वस्थ झालो. पुढे सुट्टीत तो खेळ मी स्वतः खेळलो. हा लेख त्यातून आला आहे.

प्रथम हिशेब पाहू. खेळात अठरा कौशल्ये आहेत. प्रत्येकाची सुरुवात १५ अंकांपासून होते आणि मर्यादा १०० ची आहे. या १५ मध्ये वंशाप्रमाणे भर पडते. वुड एल्फची तिरंदाजी २५ पासून सुरू होते. खाजीत या मार्जारमुखी लोकांची आणि रेडगार्डांची २० पासून. नॉर्ड, ऑर्क किंवा सरड्यासारखे अंग असलेला आर्गोनियन यांची १५ पासूनच. कौशल्य रक्तात असते, हा विचार येथे आकड्यांत मांडलेला आहे.

परंतु खेळाची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. येथे कौशल्य वाढते ते वापराने. बाण शत्रूला लागला की तिरंदाजी वाढते. कोणत्याही वंशाचा माणूस १०० पर्यंत पोचतो. दहा अंकांचे अंतर काही संध्याकाळीत पुसले जाते. मालिकेतील आधीच्या ‘मॉरोविंड’ (२००२) आणि ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) या खेळांत सुरुवातीलाच पेशा ठरवावा लागे आणि जन्मराशीही निवडावी लागे. २०११ च्या खेळाने पेशा काढून टाकला. राशींच्या जागी माळावर उभ्या शिळा आल्या. योद्ध्याच्या शिळेला हात लावला की तिरंदाजीसारखी युद्धकौशल्ये वीस टक्के लवकर येतात, आणि मन बदलले तर दुसऱ्या शिळेला हात लावता येतो. पत्रिका पाहून पोराचे भवितव्य ठरवणाऱ्या आपल्या समाजाने या शिळांकडे जरूर पाहावे.

हे सारे पाहताना एकलव्य आठवणे अपरिहार्य आहे. आपल्या कवितेने त्याला इतके वापरले की आता त्याचे नाव घेताना संकोच वाटतो. तरी हा मुद्दा त्याच्याशिवाय पुरा होत नाही. एकलव्याची पद्धत हीच होती. मातीच्या मूर्तीने त्याला काही शिकवले नाही. तो बाण मारत गेला आणि शिकत गेला. खेळात गुरूही आहेत. रिव्हरवुड या गावात फेंडाल नावाचा वुड एल्फ लाकडाच्या गिरणीवर राबतो. तो पैसे घेऊन तिरंदाजी शिकवतो. त्याची मैत्री जोडून त्याला सोबतीला घेतले, तर शिकवणीचे पैसे त्याच्या सामानातून परत काढून घेता येतात. मुले ही युक्ती एकमेकांना सांगतात आणि हसतात. द्रोणाने काही न शिकवता अंगठा घेतला. येथे शिष्य शिकून दक्षिणा परत घेतो. या हसण्यात मीही सामील झालो. पण हसून झाल्यावर लक्षात आले की या जगात द्रोणच नाही. जन्म विचारून शिकवायला नकार देणारा तिरंदाजीचा एकही गुरू मला तिथे भेटला नाही. द्रोण नसेल तर एकलव्याची कथा घडतच नाही. मग उरतो तो केवळ एक मेहनती मुलगा.

माझा खरा आक्षेप येथून सुरू होतो.

खेळाची सुरुवातच पाहा. नायक बेड्या घातलेला कैदी आहे. गाडीतून त्याला हेल्गेन येथे वधस्तंभाकडे नेले जाते. हातात यादी घेतलेला शिपाई त्याला विचारतो, तू कोण? त्या क्षणी खेळणारा आपला वंश निवडतो. त्याचे नाव यादीत नसते, तरीही अधिकारी त्याला वधाला पाठवते. हा प्रसंग मला अतिशय खरा वाटला. नोकरीच्या एका मुलाखतीत मला माझ्या विषयावर दोन प्रश्न विचारले गेले आणि गाव, आडनाव, वडिलांचा धंदा यांवर चार. ‘तू कोण?’ हा प्रश्न कोणत्या हेतूने विचारला जातो हे आमच्या पिढीला समजावून सांगावे लागत नाही. या खेळाला ते ठाऊक आहे असे मला वाटले. परंतु ड्रॅगन येतो, कैदी निसटतो, आणि त्यानंतर तो प्रश्न जवळजवळ संपतो.

मी खाजीत धनुर्धर घेतला होता. या जगात खाजीत व्यापाऱ्यांच्या काफिल्यांना शहरात प्रवेश नाही. चोर आणि अमली पदार्थांचे व्यापारी असा शिक्का त्यांच्यावर बसलेला आहे. ते तटाबाहेर तंबू ठोकून राहतात. गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय, हे खेळाच्या कर्त्यांनी नेमके दाखवले आहे. मी व्हाइटरन शहराच्या दरवाजाशी गेलो. पहारेकऱ्याने अडवले. माझा श्वास रोखला गेला. पण तो म्हणाला, ड्रॅगनच्या भीतीमुळे शहर बंद आहे. रिव्हरवुडने मदत मागितली आहे, एवढे सांगताच दरवाजा उघडला. हाच पहारेकरी नॉर्डालाही याच कारणासाठी अडवतो आणि याच उत्तरावर सोडतो. माझे जातभाई तंबूत राहिले आणि मी शहरात घर विकत घेतले. रस्त्यात एखादा टोमणा ऐकू आला, एवढेच.

विंडहेल्म शहराची गोष्ट अशीच. तिथल्या राजाने आर्गोनियनांना तटाच्या आत राहू दिलेले नाही; ते गोदीत हमाली करतात आणि नॉर्ड मजुरांपेक्षा कमी मजुरीवर राबतात. परंतु खेळणारा आर्गोनियन असेल तर तो दरवाजातून सरळ आत जातो. इतकेच नव्हे, तर त्या हमालांच्या मालकाला गोड बोलून वाजवी मजुरी द्यायला लावतो. हमालांनी एकत्र यावे, काम थांबवावे, असा मार्ग या खेळात नाही. एका नायकाच्या वाक्चातुर्यावर मजुरीचा प्रश्न सुटतो. जन्म विचारूनच उघडणारे दरवाजे मला आढळले ते ऑर्कांच्या वस्त्यांचे. तिथे ऑर्काला मोकळी वाट आणि इतरांना आधी काम करून दाखवावे लागते. ज्यांना इतर लोक रानटी समजतात, त्यांचीच वेस काय ती बाहेरच्याला अडवते!

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. या खेळाने जन्माचा भेद शरीरात खरा मानला आणि समाजात, निदान नायकापुरता, खोटा ठरवला. अंगात पाच-दहा अंक कमी, पण दरवाजा सताड उघडा. आपल्याकडची वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ च्या, प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जात म्हणजे वंशभेद हे मत खोडून काढले. एकाच प्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने भिन्न नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. अंगात काही कमी नाही; दरवाजा मात्र बंद आहे. एकलव्याच्या हातात दहा अंक कमी नव्हते. त्याचे दुःख तिरंदाजी न येण्याचे नाही, तिरंदाजी येत असूनही अंगठा द्यावा लागण्याचे आहे. जात हा व्यक्तीचा गुण नसून माणसामाणसांतला व्यवहार आहे, हे ज्या खेळाला कळत नाही तो बहिष्कृतांची वस्ती कितीही हुबेहूब रंगवो, ती पार्श्वभूमीचा पडदाच राहते.

लपण्याच्या कौशल्याविषयीही हेच म्हणता येईल. या खेळात सर्वांत प्रभावी धनुर्धर तो, जो अंधारात दबा धरून राहतो. न दिसता मारलेल्या बाणाचा घाव दुप्पट बसतो आणि पुढे एक विशेष गुण मिळवला की तिप्पट. कोणतेही पात्र घ्या, शेवटी ते लपून बाण मारणारे होते, असा विनोद हे खेळणाऱ्यांत आहे. लपणे म्हणजे बळ! बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचा नायकही लपतो. त्याला लपल्याने बळ मिळत नाही, काही दिवसांचा निवारा मिळतो. आणि उघडा पडल्यावर मार मिळतो. न दिसण्याची किंमत किती असते, हे बागुलांना ठाऊक होते.

शेवटची गोष्ट नायकाच्या रक्ताची. हा कैदी पुढे ‘ड्रॅगनबॉर्न’ निघतो. म्हणजे ड्रॅगनचा अंश घेऊनच तो जन्मलेला असतो. तिरंदाजी त्याने कष्टाने मिळवली तरी थोरवी त्याला जन्माने मिळते. ही युक्ती आपल्या परिचयाची आहे. कर्णाचे तेज सूताघरचे ठरू नये म्हणून त्याला कवचकुंडले आणि सूर्यपिता लागतो. महाभारतात निषादराज हिरण्यधनूचा पुत्र असलेला एकलव्य हरिवंशात यादवकुळातील देवश्रव्याचा, निषादांनी वाढवलेला मुलगा होतो. खालच्या माणसाची विद्या सहन झाली नाही की परंपरा त्याला वरचे रक्त देऊन टाकते. अमेरिकेतल्या खेळाचे कर्ते हरिवंश वाचून बसले नव्हते. रोग मात्र तोच आहे.

या क्षेत्रात बदल होत नाहीत असे नाही. १९७४ पासून चालत आलेल्या, या साऱ्या खेळांचा मूळपुरुष असलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळाने २०२४ च्या नियमपुस्तकात ‘रेस’ हा शब्द सोडला आणि जन्माने मिळणारे अधिक गुण काढून ते पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले. शेतकरी, कारागीर, लेखनिक, उमराव अशी ती पूर्वायुष्ये आहेत. रक्तातून गुण काढले हे चांगले झाले. पण आपल्या देशात कोण शेतात वाढला आणि कोण पोथ्यांत, हे कोणी ठरवले, हा प्रश्न उरतोच. आकडे काढून टाकल्याने दरवाजा दिसू लागत नाही.

म्हणून मागणी आकड्यांपुरती नको. दरवाजाला बोलते करा, अशी मागणी हवी. आमच्या मुलांपैकी काही आता संगणकाचे शिक्षण घेत आहेत; उद्या त्यांच्यातूनच असे खेळ लिहिणारे निघतील. त्यांनी असा धनुर्धर घडवावा ज्याची तिरंदाजी १०० आहे आणि ज्याला तरीही वेशीवर थांबवले जाते. मग तो काय करतो, एकटा करतो की तंबूतल्या लोकांना घेऊन करतो, हा खेळ व्हावा.

सुट्टीनंतर तो विद्यार्थी पुन्हा भेटला. या वेळी त्याने मुद्दाम आर्गोनियन धनुर्धर घेतला होता, १५ पासून सुरू करून १०० पर्यंत नेला होता. तो म्हणाला, ‘सर, विंडहेल्मच्या दरवाजातून गेलो. मला कुणी अडवलंच नाही.’ त्याच्या बोलण्यात आनंद नव्हता, तक्रार होती. त्याला हे सगळे खोटे वाटले होते. त्याला म्हणालो, बस आणि हेच लिहून काढ.