ब्लॅकलींचे पराग : एक जुने पुस्तक, आजच्या वर्गासाठी

चार्ल्स ब्लॅकली या मँचेस्टरच्या डॉक्टरांना दर उन्हाळ्यात शिंका येत, डोळे चुरचुरत. इंग्लंडमध्ये या विकाराला 'हे फीवर' म्हणतात. वास्तविक तो ताप नव्हे. १८१९ साली जॉन बोस्टॉक यांनी स्वतःच्या याच दुखण्याचे वर्णन करून दोष उन्हाळ्यातील उष्म्याला दिला होता. ब्लॅकलींनी मात्र प्रयोग केले. त्यांचे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. विज्ञानशिक्षकांनी ते आजही वाचावे, पण डोळसपणे, असे आम्हाला वाटते.

पुस्तकाचे बळ त्यातील क्रमात आहे. उष्णता, प्रकाश, ओझोन, वास अशा एकेका संभाव्य कारणाची ब्लॅकली स्वतःवरच परीक्षा घेतात. गवताचे पराग नाकात गेले की शिंका येतात. त्वचेवर ओरखडा काढून लावले की तेथे खाज सुटते, सूज येते. मग चिकट लेप दिलेल्या काचपट्ट्या हवेत ठेवून ते रोजचे परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पतंगाला पट्ट्या बांधून उंचावरचेही कण मिळवतात. बागेतल्या रंगीत फुलांना दोष देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. अशा फुलांचे चिकट पराग बहुधा कीटक नेतात. गवताच्या तुऱ्याला ना रंगीत पाकळ्या, ना मध. त्याचे कोरडे पराग वाराच वाहून नेतो.

आता उणिवा. मुख्य रोगी एकच, लेखक स्वतः. एकाला न बाधणारी वस्तू दुसऱ्याला बाधू शकते. शिवाय बहुतेक गवतांचे पराग सारखेच दिसतात : गोल, गुळगुळीत, एका छिद्राचे. काचपट्टीवरून कोणते गवत फुलले ते कळत नाही. त्यासाठी माळावर जाऊन तुरेच पाहावे लागतात. परागांत वावरणाऱ्या शेतकऱ्यांना हा विकार क्वचितच का होतो, हे कोडे ब्लॅकली मांडतात, पण उत्तर तर्कापुढे जात नाही. अर्थात 'अ‍ॅलर्जी' हा शब्दच १९०६ साली फॉन पिर्के यांनी दिला. तेव्हा ही उणीव काळाची आहे.

इंग्लंडचे ऋतुचक्र मात्र उचलू नये. तेथे गवतांचा मुख्य बहर मे ते जुलै. आपल्याकडे कुसळी, पवन्या, मारवेल यांना तुरे येतात ते पावसाळा सरताना; हरळी तर थोडीफार वर्षभर फुलते. 'उन्हाळी पडसे' एवढेच शिकवले, तर ऑक्टोबरमध्ये वर्गात शिंकणाऱ्या मुलाच्या त्रासाचे हे कारण कोणाच्या ध्यानातच येणार नाही. आणि गाजरगवत त्रासदायक असले तरी ते गवत नव्हे; सूर्यफुलाच्या कुळातले आहे.

शाळेच्या गच्चीवर व्हॅसलीन लावलेली काचपट्टी ठेवावी, परिसरातील गवतांच्या बहराची नोंदवही ठेवावी. पराग हुंगण्याचे वा ओरखड्याचे प्रयोग मात्र कदापि करू नयेत. दम्याच्या मुलांना तुरे हाताळू देऊ नयेत. ब्लॅकलींनी जोखीम घेतली ती स्वतःच्या जिवावर. आपल्यापुढे दुसऱ्यांची मुले असतात.