गीतरत्नाचा वाच्यार्थ

ख्रिस्ती विचारात ईश्वरी प्रेम आणि स्त्रीपुरुषांचे प्रेम यांचा संबंध कोणता, हा प्रश्न धर्मशास्त्राचा तर आहेच. परंतु तो काव्यवाचनाचाही आहे. जुन्या करारातील 'गीतरत्न' या काव्यात दोन प्रणयी जीव एकमेकांचे रूप वर्णितात, एकमेकांना शोधतात. धर्मोपदेश म्हणता येईल असे त्यात जवळजवळ काहीच नाही. मग धर्मग्रंथात त्याचे स्थान कोणते? तिसऱ्या शतकात ऑरिजेनने उत्तर दिले: वर म्हणजे ख्रिस्त; वधू म्हणजे ख्रिस्तमंडळी किंवा मानवी आत्मा. बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या बर्नार्डने या काव्यावर 86 प्रवचने रचली. 1153 मध्ये त्याला मृत्यू आला, तेव्हा विवेचन जेमतेम तिसऱ्या अध्यायापर्यंत पोहोचले होते.

या भाष्यपरंपरेचे वैभव निर्विवाद आहे. परंतु तिच्या लेखी वाच्यार्थ हे बहुधा फोलपट ठरते. दाणा हाती आला की ते टाकून द्यावयाचे. वाच्यार्थाकडे लक्ष वेधणे किती धोक्याचे होते, हे सालामान्का विद्यापीठातील प्राध्यापक फ्राय लुईस दे लेओन यांच्या उदाहरणावरून दिसते. त्यांनी गीतरत्नाचे स्पॅनिश भाषांतर करून त्याचा शब्दार्थ विशद केला. 1572 मध्ये धर्मन्यायालयाने त्यांना कैद केले आणि 1576 च्या अखेरीस सोडले. आरोपांत हे भाषांतरही होते.

विसाव्या शतकात स्वीडिश धर्मपंडित अँडर्स नीग्रेन याने 1930 व 1936 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच भेद निराळ्या रीतीने मांडला. 'आगापे' म्हणजे ईश्वराकडून निरपेक्षपणे खाली येणारे प्रेम. 'एरोस' म्हणजे अभावातून वर धावणारी मानवी ओढ. ख्रिस्ती प्रेम ते पहिले; दुसरे त्यात मिसळले की ते भ्रष्ट होते. सिद्धान्त रेखीव आहे. नव्या करारात 'एरोस' हा शब्द येत नाही, हेही खरे. परंतु जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात गीतरत्नातील प्रणयिजनांच्या प्रेमाला शब्द योजला आहे तो 'आगापे' हाच! नीग्रेन शब्दांचा नव्हे, प्रेरणांचा शोध घेत होता, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल. तथापि ज्या भाषेने दोन्ही प्रेमांना एकच नाव दिले, तिच्या अनुभवात या प्रेरणा इतक्या विलग होत्या काय, ही शंका उरतेच. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीही 2005 च्या आपल्या पहिल्या परिपत्रात ही दोन प्रेमे सर्वथा वेगळी करता येत नाहीत, असेच प्रतिपादन केले.

या वादाचा निर्णय मला सान हुआन दे ला क्रूस या स्पॅनिश कवीच्या ठायी अधिक स्पष्ट दिसतो. 1577-78 मध्ये त्याच्याच संघातील विरोधकांनी त्याला तोलेदो येथे कोंडून ठेवले असता त्याने 'आत्मिक गीता'ची बरीच कडवी रचली; त्यांवर गीतरत्नाची छाया उघड आहे. सुटकेनंतरच्या 'अंधाऱ्या रात्री'च्या आठ कडव्यांत रात्री घराबाहेर पडून प्रियकराला भेटणारी स्त्री आहे. ईश्वराचे नावसुद्धा नाही. या एका कवितेवर त्याने दोन गद्य प्रबंध लिहावयास घेतले. दोन्ही अपुरे राहिले. मीलनाची अखेरची कडवी भाष्यावाचूनच आहेत. अपुरेपणाची कारणे काहीही असोत. 'आत्मिक गीता'च्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच सांगितले आहे की, प्रेमाची वचने कोणत्याही विवरणात पुरती मावत नाहीत.

आनंदवर्धनाच्या परिभाषेत हा भेद नेमका सांगता येतो. रूपकवादी भाष्यकार गीतरत्नाला अविवक्षितवाच्य मानतात: तेथे वाच्यार्थ अभिप्रेतच नाही. हुआनची कविता विवक्षितान्यपरवाच्य आहे. तिच्यात वाच्यार्थ अभिप्रेत असतो, टिकून राहतो आणि टिकूनच आपल्यापलीकडे नेतो. त्या स्त्रीची अधीरता खरी वाटली नाही, तर आत्म्याची अधीरता कोठून प्रतीत व्हावी?

भारतीय वाचकाला येथे राधाकृष्णाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पण साम्याची घाई करू नये. ख्रिस्ती प्रतिमेचा आधार विवाह आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पतिपत्नींचे नाते हेच ख्रिस्त व मंडळी यांचे रहस्य म्हटले आहे. आणि शब्द देही झाला, असे मानणाऱ्या धर्माने तरी काव्यातील देहाला फोलपट म्हणू नये.